आईच्या दुःखासाठी विटा-सांगलीकडे कुठे जावं? (मदत हवी आहे)

कांडीवाली | सोमवार, रात्री ११.५२

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहिलं कधी नाही. धागा चुकीच्या विभागात टाकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माहेर विट्याचं. घरामागच्या शेडमध्ये बाबांचे चार यंत्रमाग होते. पाच महिन्यांपूर्वी बाबा हार्ट अटॅकने गेले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. भाऊ गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात, कोईमतूरला. मी पुण्यात. तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पंधराव्या दिवशी भाऊ गेला, विसाव्या दिवशी मी निघाले. आईला दोघांकडेही यायचं नाही. "माग कोण बघणार?" म्हणते. माग बंद आहेत. दोन बाबांनी असतानाच विकले, उरलेल्या दोनांवर चादर टाकलीय.

मागच्या शनिवारी न कळवता गेले. रात्री दोनला जाग आली तर शेजारी आई नाही. शेडमध्ये दिवा. कांडी मशीनपुढे बसून कांड्या (मागाला लागणारी सुताची छोटी रिळं) भरत होती. एक टोपली शिगोशीग, दुसरी अर्धी. म्हटलं, "आई, कुणासाठी?" तर म्हणाली, "सकाळी लागतील." मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कळतंय गं मला. पण हाताला चैन पडत नाही."

वय ६१. वजन ५८ चं ४९ झालंय. झोप जेमतेम तीन तास. "आता बोलावलं तर बरं" हे वाक्य दिवसातून दोनदा तरी. भावकीतले म्हणतात वर्षश्राद्ध झालं की सावरेल.

पुण्यात एका नावाजलेल्या दवाखान्यात नेलं होतं. बाहेर दीड तास, आत चार मिनिटं. आई "बरं आहे" म्हणाली, डॉक्टरांनी माझ्याकडे बघत तीन गोळ्या लिहिल्या. कुठली कशाची, किती दिवस, काही नाही. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन मोरीत पडली. गोळ्या बंद. आता डॉक्टरचं नाव काढलं की "मी काय येडी झालीय?"

मला पुण्यातलं नको, तिथलं हवंय. तिच्या बोलीत बोलणारं, तिचं ऐकणारं कुणी आहे का? असं काही असतं तरी का आपल्याकडे?

---

पाऊलवाट | सोमवार, रात्री १२.१०

वाचून कसंतरी झालं. नुसती हजेरी लावतेय, माहिती काही नाही. धागा वर राहू दे.

---

निवृत्त_अधीक्षक | मंगळवार, सकाळी ७.०५

मी सरकारी रुग्णालयांत २७ वर्षं समाजसेवा अधीक्षक होते, त्यातली नऊ मनोविकार विभागात. म्हणून सविस्तर लिहिते. आधी एक विचारू द्या. आई "बोलावलं तर बरं" म्हणते तेव्हा तुम्ही पुढे काय म्हणता? "असं बोलू नये" म्हणून विषय बदलत असाल तर ते थांबवा. सरळ विचारा: "आई, जीव द्यावा असं मनात येतं का? काही ठरवलंयस का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही, उलट बाईला हायसं वाटतं. देवाने बोलवावं असं वाटणं आणि स्वतः काही करायचं ठरवणं यांत फरक आहे. दुसरं असेल तर हा धागा बंद करा, तिला एकटी ठेवू नका, आजच्या आज दवाखाना. घरात औषधं, शेतीची फवारणी वगैरे असेल तर कुलपात.

तेवढं नसेल तर पुढचं वाचा.

"दुःख समुपदेशन केंद्र" अशी पाटी तुम्हाला तालुक्याला सापडणार नाही. मदत आहे, पण ती दुसऱ्याच पाट्यांखाली बसलेली असते. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. देशात १९९६ पासून. त्यात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार समाजसेवक आणि परिचारिका असा चमू धरलेला आहे. सगळी पदं भरलेली असतात का? हसू येतं. पण असतात ती माणसं ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयांत जातात. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन एवढंच विचारायचं: "मानसोपचाराची टीम कोणत्या वारी येते?" खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर मधुमेह-बीपी तपासणीच्या खोलीत विचारा, त्या सिस्टरना नक्की माहीत असतं. नाहीतर गल्लीतल्या आशाताई. त्यांना प्रत्येक घर माहीत असतं, तुमचंही असेल.

दोन, आईला "मनाच्या डॉक्टरकडे" नेऊच नका. झोप आणि भूक यांच्या तक्रारीसाठी न्या. यात फसवणूक नाही, तक्रार खरीच आहे. तीन, जायच्या आधी एका कागदावर दहा ओळी लिहा: कधीपासून, वजन किती होतं किती झालं, झोप किती, आधीच्या गोळ्यांची नावं, पडल्याची तारीख, रात्रीच्या कांड्या, आणि ते वाक्य. केसपेपरला तो कागद टाचा. आई आत "बरं आहे" म्हणाली तरी कागद खरं बोलतो. माझ्या अनुभवात या कागदाने चार मिनिटांची पंधरा होतात.

---

चिंतामणी_सदाशिव | मंगळवार, सकाळी ९.३०

ताई, राग मानू नका, पण आपल्या पूर्वजांनी हे सगळं आधीच करून ठेवलंय. दहा दिवस सुतक, तेरावं, मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध. दुःखाला पायऱ्या आहेत. आजकाल प्रत्येक गोष्टीला आजार ठरवून गोळी द्यायची फॅशन आलीय. आईंना भजनी मंडळात घाला, सकाळी नामस्मरण, मन रमेल.

---

कांडीवाली | मंगळवार, सकाळी ९.५१

भजनी मंडळात ती वीस वर्षं आहे. टाळ वाजवते. आता जात नाही, हाच तर प्रश्न आहे.

---

माणदेशी_गडी | मंगळवार, दुपारी १.१५

चिंतामणराव, तुमचं अर्धं पटतंय. तेरा दिवस लई भारी असतात. घरात माणूस असतं, चूल दुसरी कोण तरी पेटवतं, रडाय मोकळीक असती. पण चौदाव्या दिवसाचं काय? त्या दिवशी सगळी आपापल्या वाटंनं. माझा थोरला भाऊ गेला तवा चौदाव्या दिवशी वैनीनं सवयीनं अठरा माणसांच्या भाकरीचं पीठ मळलं. खायला आम्ही चौघं.

आता माझं सांगतो. मी आटपाडीकडचा. भावानंतर सहा महिनं मला रात्री छातीत धडधडायचं. ईसीजी काढला, इको काढला, सगळं नीट. फॅमिली डॉक्टर म्हणला १४४१६ ला फोन लाव. टेलि-मानस म्हणत्यात. फुकट, चोवीस तास. आधी रेकॉर्डिंग वाजतं, भाषा निवडायची, मराठी आहे. मी पयल्यांदा लावला आणि पलीकडून बाई "नमस्कार" म्हणली की ठेवून दिला. लाज वाटली. दुसऱ्यांदा पण. तिसऱ्यांदा रानात, डाळिंबाच्या बागंत जाऊन लावला. त्या बाईनं विचारलं, "जेवण झालं का?" एवढंच. मी पाऊण तास बोललो. भावाचं कमी, त्याच्या मोटरसायकलचंच जास्त.

येक गोष्ट मात्र आहे, दर टायमाला तीच बाई भेटंल असं न्हाय. परत पयल्यापासनं सांगायचा कंटाळा येतो. रात्री दोनला कोण तरी उचलतंय हे काय कमी आहे का पण.

---

पाऊलवाट | मंगळवार, दुपारी २.०२

अठरा माणसांचं पीठ. 🙁

टेलि-मानसमध्ये पहिला फोन प्रशिक्षित समुपदेशक घेतात, गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांशी जोडून देतात आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाचंही सुचवतात. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, बंगळुरूचं निम्हान्स मध्यवर्ती संस्था आहे. कांडीवाली, आईने नाही तर तुम्ही स्वतः फोन करा. नातेवाईकांनाही सल्ला देतात. आणि "विट्याच्या जवळ कोण?" हा तुमचा प्रश्न त्यांनाच विचारा की.

---

डॉ_ओपीडीतला | मंगळवार, रात्री १०.२०

मनोविकारतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात. पेशंट न बघता निदान करत नाही, पण काही गोष्टी सर्वसाधारण म्हणून सांगता येतील.

१) चिंतामणी यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. दुःख हा आजार नव्हे. रडणं, गेलेल्या माणसाचा आवाज आल्यासारखं वाटणं, त्याच्या वस्तू न हलवणं, हे महिनोन्महिने चालू शकतं आणि त्याला गोळी लागत नाही. आमच्या पुस्तकांतही "लांबलेला शोक" हे निदान अलीकडचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात किमान सहा महिने आणि अमेरिकन पुस्तकाच्या २०२२ च्या आवृत्तीत मोठ्या माणसांसाठी किमान बारा महिने, अशी अट आहे. तेही तेवढे दिवस उलटले म्हणून नाही, तर माणूस रोजच्या जगण्यातूनच उठला असेल तर. शिवाय त्या समाजाच्या रीतीपेक्षा ते जास्त आहे का, हे बघायला सांगितलेलं आहे.

२) म्हणून पाच महिने झाले म्हणून चिठ्ठी चिकटवायची घाई नको. पण नऊ किलो वजन आणि तीन तास झोप हा वेगळा मामला. दुःखाच्या पोटातच नैराश्याचा आजार सुरू होऊ शकतो. ढोबळ खूण सांगतो. दुःख लाटांसारखं येतं, मधल्या वेळात माणूस नातवाच्या फोनला हसतो. नैराश्यात ओहोटीच नसते. शिवाय "मीच नालायक, माझ्यामुळे गेले" असा सूर लागला तर लक्ष द्या.

३) मनाकडे जाण्याआधी रक्त तपासा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर. साठीच्या बाईचं वजन उतरतंय म्हटल्यावर हे आधी.

४) पडल्या, हे गंभीर आहे. झोपेच्या काही गोळ्यांनी उतारवयात तोल जातो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आणि पहिल्या आठवड्यात त्रासच आधी जाणवतो. हे कुणीतरी सांगायला हवं होतं. न सांगणं ही आमच्या लोकांची चूक आहे, तुमच्या आईची नाही. गर्दी हे कारण आहे, सबब नव्हे. जुनी चिठ्ठी फेकू नका, पुढच्या डॉक्टरला दाखवा. आणि महिनोन्महिने घेतलेल्या गोळ्या कुणीही अशा एकदम बंद करू नयेत, हे इतर वाचकांसाठी.

कांड्यांबद्दल: मी असतो तर ते बंद करायला सांगितलं नसतं. वेळ बदलायला सांगितली असती.

---

निनावी_आई | बुधवार, पहाटे ३.४०

इथे नेहमीच्या आयडीने लिहीत नाही. माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी स्वतःला संपवलं. एकवीस वर्षांचा होता.

तेरा दिवस भारी असतात असं वर कुणी लिहिलंय. आमच्याकडे नव्हते. येणारा प्रत्येक माणूस "कसं झालं?" विचारायचा. मग "काही चिठ्ठी?" मग "मुलगी वगैरे?" सांत्वनाला यायचे की पंचनाम्याला, कळायचं नाही. पोलिसांनी निदान एकदाच विचारलं.

मला वर्षभराने पुण्यातल्या "कनेक्टिंग" या संस्थेचं कळलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांशी ते बोलतातच, पण अशा तऱ्हेने माणूस गमावलेल्यांसाठीही त्यांचं काम आहे. तिथे "कसं झालं" कुणी विचारत नाही. अशाच एकीशी बोलायला मिळालं, तिची मुलगी. आम्ही दोघी फक्त मुलांचे दहावीचे निकाल सांगत बसलो होतो.

अजून एक, कुणाला उपयोग झाला तर. प्रयत्न केलेल्या माणसाला पोलीस केसच्या भीतीने दवाखान्यात न्यायला लोक उशीर करतात. करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसावर प्रचंड ताण होता असंच धरायचं म्हटलंय, शिक्षा नाही, उपचार द्यायचे. १ जुलै २०२४ पासून जे नवीन कायदे आले त्यांत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच ठेवलेलं नाही. रुग्णालयात एमएलसीची (पोलिसांना कळवायची) नोंद होते, तिला घाबरू नका.

कांडीवाली, आईला एकटीला ठेवू नकोस गं.

---

पाऊलवाट | बुधवार, सकाळी ८.००

निनावी_आई, पहाटे पावणेचारला लिहिलंय तुम्ही. व्यक्तिगत निरोप केला आहे, जमेल तेव्हा बघा.

---

गोंयकार_दोनापावला | बुधवार, सकाळी ११.१०

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे बांबोळीला मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहे, पण मला दुसरं सांगायचं आहे. डॉक्टर नाही म्हणून अडून बसू नका. १९९६ मध्ये इथे "संगात" नावाची संस्था सुरू झाली. त्यांनी गावातल्या साध्या, बारावी-पदवी झालेल्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या पेशंटांशी बोलायला बसवलं. सहा ते आठ बैठका, फार गहन काही नाही: दिवसात काय करता, कशाने बरं वाटायचं, त्यातलं एक उद्या करून बघू. त्याचा रीतसर अभ्यास झाला आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा गुण जास्त आला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. आज जगभर त्याचा दाखला देतात.

तुमच्या महाराष्ट्रातही नाशिक जिल्ह्यात "आत्मीयता" म्हणून असाच प्रयोग झाला, पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य केंद्राचा. गावातलेच "मित्र" तयार करायचे. आणि त्यांनी एक शहाणपण केलं. नुसतं बोलत बसले नाहीत, अडलेली पेन्शन, रेशन कार्ड, सरकारी योजना यांचीही कामं करून दिली. अर्धं दुःख तिथे अडकलेलं असतं.

---

निवृत्त_अधीक्षक | बुधवार, दुपारी १२.२५

हे शेवटचं वाक्य सोळा आणे खरं. कांडीवाली, बँकेत वारस नोंद, मागाचं वीज मीटर, घराचा उतारा, हे कुणाच्या नावावर चाललंय? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या विधवा बायका झोपेची गोळी मागायला यायच्या आणि उशाला वीजबिल असायचं.

---

कांडीवाली | बुधवार, दुपारी १२.४०

मीटर बाबांच्या नावावर. माग बंद, तरी बिल येतंय. आईने एकदा "ते लाइटवाल्याचं बघ" म्हटलं होतं. मी "आता तू ते डोक्यात घेऊ नकोस" म्हणाले.

---

सोलापुरी_चादर | बुधवार, दुपारी ३.३३

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. आईंचं कुंकू-बांगड्यांचं काय केलंत? आमच्या मावशीला दहाव्याला नदीवर चार बायकांनी धरून बांगड्या फोडल्या. नवरा गेल्याचं तिला सहन झालं, ते हात धरणं अजून स्वप्नात येतं. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदचा ठराव केला, मग शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रक निघालं, बायका मात्र अजून हळदीकुंकवाला दारातूनच परततात. याला समुपदेशक काय करणार?

---

चिंतामणी_सदाशिव | बुधवार, संध्याकाळी ६.००

प्रथा चुकीची, यात वाद नाही. माझ्या आईची मी मोडली नव्हती, १९९४ साली. तेव्हा सुचलं नाही. बाकी डॉक्टरसाहेबांचं सविस्तर वाचलं, ओहोटीचं लक्षात राहील.

---

खर्चाचा_हिशोब | बुधवार, रात्री ९.१५

कोरडी माहिती लिहितो, भावना बाकीच्यांनी बघाव्यात.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत (ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा) १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत, केसपेपरलाही पैसे नाहीत. सांगली आणि मिरजेची मोठी रुग्णालयं मात्र वैद्यकीय महाविद्यालयाकडे, तिथे थोडी फी लागते. औषध "बाहेरून आणा" म्हटलं तर रुग्णालयात पर्यायी आहे का, हे एकदा विचारायला लाजू नका.

खासगीत जाणार असाल तर: औषध लिहिणारा माणूस मनोविकारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम असावा. "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, मागून घ्या. नुसतं "काउन्सेलर" म्हणायला काहीच लागत नाही, उद्या मीही पाटी लावीन. विमा असेल तर २०१७ च्या कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. नाकारलं तर लेखी मागा.

संस्था: ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, त्यांची "मैत्र" फोनसेवा मराठीत चालते. साताऱ्याला "परिवर्तन" आहे, तुम्हाला तेच जवळ. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेची "आयकॉल" ही समुपदेशनाची फोनसेवा. कॅन्सरने माणूस गेला असेल किंवा जायच्या वाटेवर असेल तर पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्यांना) गाठा. मागे राहिलेल्यांचं दुःख सांभाळणं त्यांच्या कामातच धरलेलं आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून मोफत चालतं. एकट्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन. वेळा बदलत राहतात, निघण्याआधी फोन करा.

---

डब्लिनची_वहिनी | गुरुवार, दुपारी २.२०

इथे आम्हाला जनरल प्रॅक्टिशनर समुपदेशनाला पाठवतो. सासरे गेले तेव्हा मी गेले होते. बाई फार चांगली, पण अंत्यदर्शन व्हॉट्सॲप व्हिडिओवर घेतलं, अस्थी पंढरपूरला दुसऱ्याने सोडल्या, हे तिला समजावण्यातच दोन बैठका गेल्या. "दिवस घालणे" इंग्रजीत सांगून बघा. शेवटी टेबलावर तिच्यासमोर कणकेचा पिंड करून दाखवला. कांडीवाली "तिच्या बोलीत बोलणारं" म्हणते ते मला पटकन कळलं. विट्यात राहणाऱ्या बाईला पुण्याची भाषाही डब्लिनइतकीच लांब असते.

---

कांडीवाली | २४ दिवसांनी, रविवार, रात्री १०.०५

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय. रजा टाकून तिथेच होते.

अधीक्षक मॅडम, तुम्ही सांगितलं तसं सरळ विचारलं. भांडी घासताना. माझा आवाज फाटला होता. आई थांबली, म्हणाली, "नाही गं. तुमच्या वाट्याला ते नको. पण सकाळ झाली की वाईट वाटतं, अजून एक आली म्हणून." मग आम्ही दोघी मोरीतच बसून रडलो. त्या आधी मी तिच्यासमोर रडलेच नव्हते, तिला त्रास होईल म्हणून. तीही त्याचसाठी नव्हती रडली.

आशाताई माझ्याच शाळेतली निघाली, दोन वर्षं पुढे. तिनेच वार सांगितला आणि स्वतः बरोबर आली. "काकू, झोपेचं दाखवू" एवढंच म्हणाली. कागद टाचला होता. रक्तात बी-१२ आणि हिमोग्लोबिन दोन्ही कमी निघालं. डॉक्टरांनी एक गोळी दिली, रात्रीची, अर्धी. पहिले दहा दिवस मळमळेल हे आधी सांगितलं. मळमळलं, पण आईने बंद नाही केली. म्हणाली, "त्यांनी सांगितलंवतं की."

त्यांच्याबरोबरच्या समुपदेशक ताईंचं मात्र सांगायलाच हवं. त्यांनी "कसं वाटतंय" विचारलंच नाही. त्या इचलकरंजीच्या निघाल्या. विचारलं, "मावशी, साधे माग का ऑटो?" आई पस्तीस मिनिटं बोलली. मीही कधी ऐकलं नव्हतं असलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मागाच्या आवाजाने झोप लागायची नाही म्हणून बाबा रात्रपाळीला तिच्या कानात घालायला सुताचे बोळे करून द्यायचे. आता आवाज नाही म्हणून झोप लागत नाही. हे ती सांगत होती तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडंच होतं.

वीजबिलाचं काम भावाने येऊन केलं. चार दिवस दुकान बंद ठेवून आला. मीटर आईच्या नावावर करायला टाकलंय.

आणि कांड्या. डॉक्टरसाहेब, तुमचं "वेळ बदला" मी समुपदेशक ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या गल्लीत कुणाचे माग चालू आहेत? मागच्या आळीत एकाचे सहा आहेत. आता आई दुपारी त्याच्या कांड्या भरते. पहिल्याच आठवड्यात दर कमी लावला म्हणून त्याच्याशी कडाकडा भांडली. मी फोनवर होते. पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचा असा आवाज ऐकला. भजनाला अजून जात नाही. वजन ४९ वरच आहे, पण उतरलेलं नाही. परवा रात्री पुन्हा शेडमध्ये होती, शेजारणीने सांगितलं. पुढची तारीख महिन्याने आहे.

चिंतामणीकाका, भजनी मंडळातल्या बायका एकादशीला घरी आल्या आणि आमच्या ओसरीवरच भजन केलं. आईने टाळ घेतला नाही, चहा मात्र केला.

---

माणदेशी_गडी | रविवार, रात्री १०.३०

दर काय लावलावता त्यानं?

---

कांडीवाली | रविवार, रात्री १०.३४

ते ती मलाही सांगत नाही. "धंद्याचं आहे" म्हणते.

---

नांदेड_भोकर | सोमवार, सकाळी १०.४८

धाग्यात घुसतोय, माफ करा. सासूबाई जाऊन आठ महिने झाले. सासरे आधी कधीमधी घ्यायचे, आता सकाळपासून. गावात सगळे म्हणतात दुःखामुळं, पिऊ द्या. दुःखाचा डॉक्टर बघू की दारूचा?

---

निवृत्त_अधीक्षक | सोमवार, सकाळी ११.१५

दोन्ही एकाच ओपीडीत बसतात, मनोविकार विभागातच. आधी नांदेडला सरकारी रुग्णालयात दाखवा. रोज सकाळपासून घेत असतील तर घरी एकदम बंद करायला लावू नका. थरथर, भास, फिट येऊ शकते, जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. पुढे भरती करायची वेळ आली तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, आणि पिणाऱ्यांच्या बायकांसाठी त्यांचा "सहचरी" गट आहे. किती घेतात, कधीपासून, शेवटची कधी घेतली, बीपी-शुगर आहे का, हे लिहा इथे. आणि त्यांच्याजवळ रात्री कोण झोपतं?